केदारचा उजवा स्पीकर

केदारला उजव्या कानानं कमी ऐकू येतंय असं मला वाटतं, आणि केदार म्हणतो की उजवा स्पीकर बिघडलाय. आज अकरावा दिवस. अकरा दिवस आम्ही मायलेक या एकाच गोष्टीवरून भांडतोय. आता तो दोन्ही स्पीकर पुण्याला न्यायला निघालाय. सकाळी सहाला टेम्पो येणार आहे. घरात सगळे झोपलेत आणि मी लिहीत बसले आहे. बोलायला गेलं की तो वाक्य पुरं होऊ देत नाही.

शेजारच्या साखराबाईंच्या जावयाचा कान असाच एका आठवड्यात बसला. त्यानं महिनाभर तेल घातलं, शेक घेतला, मग नगरला गेला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या पंधरा दिवसांत आला असतात तर काही करता आलं असतं. तेव्हापासून पंधरा हा आकडा माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसलाय. आज अकरा झाले. पुण्याला जाऊन स्पीकर उघडून, तपासून परत यायचं म्हणजे आठवडा गेला.

केदारचा कान साधा नाही, म्हणून मी जास्त घाबरले आहे.

आष्टीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. माझे यजमान चन्नप्पा, घरातले आप्पा, चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून केदार एकटा बघतो. आमच्याकडे तांब्यापितळेची घागर वाजवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत. बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. नीट असेल तर आवाज लांबत जातो, कुठे केसाएवढी चीर असली की बद्द होतो. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते. केदार आठ वर्षांचा असताना आप्पा त्याला पाठमोरा बसवायचे, मागे पाच घागरी वाजवायचे आणि विचारायचे, "बोल बे, फुटकी कोंची?" तो दर वेळी बरोबर सांगायचा. गिऱ्हाइकं हसायची. आप्पांना एवढा अभिमान की बीडला बी.कॉम.ला पाठवतानासुद्धा म्हणाले, "शिक, पण कान संभाळून शिक. आकडे काय, कोनीबी शिकवील."

असा मुलगा दोन वर्षांपूर्वी पुण्याला माल आणायला गेला आणि माल न घेताच परत आला. ज्या गल्लीत तो गेला होता तिथे एक स्पीकरचं दुकान होतं. दुकानाचे मालक भारत म्हणून कोणी आहेत. त्यांनी याला आत बसवलं, दार लावलं आणि तीन तास गाणी ऐकवली. घरी आल्यावर तो जेवताना गप्प. मी माझ्या सुनेला, शिवांजलीला, हळूच विचारलं, "काय झालंय गं ह्याला?" ती म्हणाली, "आत्या, ते म्हणतेत की तबल्यावरचं बोट ऐकू आलं." तिला वाटलं ताप आहे. मलाही तेच वाटलं.

तीन महिन्यांनी टेम्पोतून दोन खोकी उतरली. माणूस उभा मावेल एवढी. समोरच्यांनी विचारलं, दोन दोन फ्रीज कशाला? स्पीकर म्हणजे कपाटावर ठेवायचे डबे असतात अशी माझी समजूत होती. हे जमिनीवर उभे राहणारे, माझ्या छातीला लागतील एवढे उंच, एकेक चाळीस किलोचा. किंमत मी विचारली नाही. ऐकून मला बसावं लागलं असतं, आणि बसायला जागा उरली नव्हती. कारण बैठकीतला सोफा त्याच दिवशी बाहेर गेला होता.

सोफा आवाज पितो म्हणे. मग समोरच्या भिंतीवर आवाज आपटतो, म्हणून तिच्यावर माझ्या हातच्या तीन गोधड्या खिळे मारून टांगल्या. त्यातली एक आरोहीच्या बारशाची. खोलीत एकच खुर्ची, फरशीवर खडूनं आखलेल्या चौकोनात. ती इकडची तिकडे झाली तर घरात बोलाचाली. झाडणारी बाई त्या खडूला घाबरते. स्पीकरच्या तळाला टोकदार पाय, त्यांनी फरशीला भोकं पडतील म्हणून खाली जुने पैसे. पाठीमागे मुठीएवढं गोल भोक असतं, तिथून जाडा आवाज बाहेर येतो. गेल्या वर्षी कुंभारीण माशीनं त्यात मातीचं घर केलं. केदार दोन दिवस खराट्याची काडी आणि बॅटरी घेऊन गुडघ्यावर बसला होता. एवढ्या भक्तीनं तो सकाळच्या पूजेलासुद्धा बसत नाही.

अर्थिंगचं तर मी विसरणारच नाही. आमच्याकडची वीज म्हणजे कधी दोनशे साठ तर कधी दीडशे. स्पीकरमध्ये घरघर येते म्हणून त्यानं अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरून वेगळं अर्थिंग केलं. ते ओलं राहायला हवं. आष्टीत उन्हाळ्यात नळाला आठव्या दिवशी पाणी. आम्ही भांडी धुतलेलं पाणी झाडाला घालतो, आणि तो दुकानातून फोन करतो, "आई, खड्ड्यात बादलीभर घातलंस का?" मी म्हटलं, "मला एक दिवस नाही मिळालं तरी चालेल, तुझ्या खड्ड्याला तहान नको लागायला." तर म्हणतो, "हां, चालंल. पर आजचं घाल."

पाहुण्यांचे तर हालच. माझे भाऊ बसवेश्वर शिरूर कासारहून आले. केदारनं त्यांना त्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "मामा, डोळे मिटा. गानारी तुमच्या पुढ्यात उभी राहील."

"कोन उभी राहील?"

"आवाज, मामा. मधोमध. दोन स्पीकरच्या मधी कायबी न्हाई, तिथून येतो का न्हाई बघा."

मामांनी डोळे मिटले. दहा मिनिटांत घोरायला लागले. केदारनं गाणं संपेपर्यंत त्यांना उठवलं नाही. नंतर मामा मला स्वयंपाकघरात म्हणाले, "अक्का, बाई काय दिसली न्हाई, पर झोप लई ब्येस लागली."

मंडपवाले बिभीषण तर दर लग्नसराईत दारात उभे. "मालक, एका हळदीला द्या की. एवढाले धूड घरात ठिवून काय करता? गाव हादरंल." केदार त्यांना समजावतो की हे हादरवण्यासाठी नाहीत, हलक्या आवाजात ऐकायचे असतात. ते खरंही आहे, तो फार मोठ्यानं लावत नाही. पण मी दोन वर्षं रोज एकच वाक्य म्हणत आले, "बंद कर ते, कान जातील तुझे." मला त्या आवाजाचा त्रास नव्हता. त्या खोलीचा, त्या खुर्चीचा, त्या खड्ड्याचा होता. पण म्हणायला हेच सोपं होतं. आज ते वाक्य माझ्याच आड आलंय.

अकरा दिवसांपूर्वी सर्दी-तापातून उठला आणि संध्याकाळी त्या खुर्चीत बसून म्हणाला, "उजवा बसला." त्यानं वायरी बदलल्या. पुण्याला भारत यांना फोन केला. त्यांनी सांगितलं, डावा उजवीकडे ठेवा, उजवा डावीकडे. केदारनं शेजारच्या शिवशंकरला बोलावलं आणि दोघांनी घाम गाळत ती धुडं हलवली. जो चांगला होता तो उजव्या बाजूला आला. केदार बसला, ऐकलं आणि म्हणाला, "आता ह्यो बसला."

शिवशंकर म्हणाला, "मंग त्यो नीट झाला का?"

"हां. त्यो नीट झाला."

"बे, जागा बदलून नीट व्हायला त्यो काय तहसीलदार हाय?"

मी दारात उभी होते. शिवशंकर हसत होता. मी मात्र मनातल्या मनात हिशोब मांडला. मी विज्ञान शाखेची पदवीधर आहे, बीडच्या कॉलेजात प्रयोगाच्या वह्या लिहिल्यात. स्पीकर बदलला आणि दोष आहे तिथेच राहिला, तर दोष स्पीकरमध्ये नाही. एवढं कळायला पदवीही लागत नाही. केदार म्हणाला ॲम्प्लिफायर असेल. त्याच्या तारा उलट्या लावल्या. तरी उजवीकडेच कमी. मग म्हणाला, उजवी भिंत. भिंतीवर चौथी गोधडी चढली.

मी म्हटलं, "मी बसते." बसले. मला तरी दोन्हीकडून सारखं ऐकू आलं. तो म्हणाला, "आई, तुझं वय झालंय. तुला बारकावे न्हाई कळायचे."

मी म्हटलं, "बरं. मग खुर्ची उलटी कर. दाराकडं तोंड करून बस. आता डावा स्पीकर आणि डावी भिंत तुझ्या उजव्या हाताला. सांग, कोणता कमी?"

तो बसला. गाणं वाजत राहिलं. त्यानं मान जराशी डावीकडे वळवली.

"सांग ना."

"उजव्या हाताचा."

"म्हणजे डावा स्पीकरही बिघडला? डावी भिंतसुद्धा?"

तो उठला आणि खुर्ची खडूच्या चौकोनात परत ठेवली. "पाठ करून ऐकायचं नसतं. तसं ऐकायला बनवलेलंच न्हाई ते."

मी कपाळावर हात मारला. या माणसाशी काय बोलायचं? घरातल्या लेकराला कळलं होतं. आरोही, माझी नात, दुसरीत आहे. आठवडाभर ती ताट घेऊन मुद्दाम बापाच्या डाव्या हाताला बसते. मी विचारलं, "तिकडे कावून बसतीस गं?" म्हणाली, "इकडून बोललं की पप्पा ऐकतेत."

परवा छबुबाई दुकानात आल्या. नुकत्याच ऊसतोडीहून परतल्यात, पाच-सहा दिवसांपूर्वी मुलीच्या लग्नाला घागर नेली होती. ती परत आणली, बुडाला पाझरत होती. "शेट, तुमी वाजवून दिलती ना? म्या बघितलं की. मुलीच्या सासरी गळकी घागर गेली असती म्हंजी?" केदारनं माफी मागितली, दुसरी दिली, कारखान्यावर ढकललं. मी डबा घेऊन गेले होते, मागच्या दारात उभी होते. छबुबाई गेल्यावर त्यानं ती घागर उचलली, सवयीप्रमाणे उजव्या कानाशी धरून टिचकी मारली. मग डाव्या कानाशी. पुन्हा उजव्या. मग खाली ठेवली आणि भर दुपारी अर्धं शटर ओढून आत बसून राहिला. मी डबा ठेवून परत आले.

म्हणजे त्याला कळलंय. त्याला माझ्याआधी कळलंय. तो पुण्याला स्पीकर घेऊन चाललाय कारण स्पीकर दुरुस्त होतात.

आज जेवताना मी शेवटचं सांगून बघितलं. "टेम्पो येऊ दे, पण आधी नगरला चल. कानाच्या डॉक्टरकडे एक तास. मग खुशाल जा."

त्यानं मान खाली घातलेलीच ठेवली. "दोन वर्षं तू म्हणतीस, कान जातील. आता गेले असं तुला वाटतंय. झालं ना तुझं समाधान?"

शिवांजलीच्या हातातली पोळी तशीच राहिली. मला रडू आलं नाही, संताप आला. याच्यासाठी पाणी खड्ड्यात ओतलं, बारशाची गोधडी भिंतीला ठोकू दिली, आणि समाधान माझं! पण संतापून फायदा नाही. कानाबद्दल माझा शब्द मीच दोन वर्षांत झिजवून टाकलाय. शिवांजलीचं तो ऐकत नाही, मामांना हसून टाळतो. आवाजाच्या बाबतीत तो एकाच माणसाचं ऐकतो.

त्या माणसाला मी गेल्या वर्षी फोनवर वाट्टेल ते बोलले होते. तुमच्यामुळे माझ्या घरात पाहुण्याला बसायला जागा नाही, तुम्ही भल्या मुलांना नादी लावता. भारत शांतपणे म्हणाले होते, "काकू, तुम्ही एकदा त्या खुर्चीत बसून बघा." मी फोन आपटला होता. त्यांनी केदारला याबद्दल कधी सांगितलं नाही, हे मला नंतर कळलं.

आता मला त्यांच्याशीच बोलायचंय. स्पीकरची जागा बदलल्यावर काय झालं हे केदारनं त्यांना सांगितलंच नसणार. ते जर म्हणाले की स्पीकर बदलून, तारा बदलून, खुर्ची फिरवून दोष उजवीकडेच राहतो म्हणजे कान तपासा, तर केदार जाईल. माझं म्हणणं एवढंच की त्यांनी सकाळी सहाच्या आत त्याला फोन करावा. सांगावं की कानाच्या तपासणीचा कागद आणल्याशिवाय मी तुझं खोकं उघडणार नाही. खोटं काहीच नाही त्यात. टेम्पो रिकामा परत जाऊ दे, भाडं मी देईन.

शिवांजलीला उठवून नंबर घेतला. ती म्हणाली, "आत्या, साडेबारा वाजलेत. ते लोक काय म्हणतील?" म्हणू देत. आधी गेल्या वर्षीची माफी मागेन, मग कामाचं बोलेन. त्यांनी नाही उचलला तर पुन्हा लावेन, उचलेपर्यंत लावेन. वही ठेवते आणि फोन घेते.