जयवंताबाईंची पट्टी

हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या एका औषध कंपनीत जयवंता बिरादार टेलिफोन ऑपरेटर होत्या. नवव्या वर्षी गोवराचं निमित्त झालं आणि त्यांची दृष्टी गेली. वडील प्रतापराव भालकीकडची शेती भावाच्या हवाली करून सरकारी नोकरीसाठी हैदराबादेत आले होते. नल्लकुंट्यात त्यांनी घर केलं होतं. मुलीला त्यांनी अंधशाळेत घातलं. तिथून टेलिफोनचं शिक्षण झालं आणि एक्याऐंशी साली जयवंताबाई कंपनीच्या बोर्डावर बसल्या.

तो जुना बोर्ड त्यांना तोंडपाठ होता. बाहेरून फोन आला की त्या लाइनीची छोटी पत्र्याची झडप खट्कन पडायची. बोटानं झडप शोधायची, पिन खोचायची, हव्या त्या टेबलाला जोडून द्यायचं. वरंगळचा दुकानदार तेलुगूत बोलायचा, नांदेडचा एजंट मराठीत, जुन्या शहरातले दवाखानेवाले दखनीत. बाई ज्याला त्याला त्याच्या भाषेत उत्तर द्यायच्या. नांदेडच्या एजंटाला तर त्या नुसत्या खाकरण्यावरून ओळखत.

पंच्याण्णव साली कंपनीचं काम एकदम वाढलं. परदेशी औषधं येऊ लागली, फोन दुप्पट झाले. पुण्याहून अनिल सरदेशमुख नावाचे नवे मॅनेजर आले आणि त्यांच्यामागोमाग नवा बोर्डही आला. गुळगुळीत प्लास्टिकचा, बटणांचा. त्याला झडपा नव्हत्या. कुठलीही लाइन आली तरी घंटी एकच वाजायची, आणि त्या लाइनीपुढचा छोटा लाल दिवा लागायचा.

"कुठली लाइन आली ते कळायचं कसं?" जयवंताबाईंनी बोर्ड बसवणाऱ्यांना विचारलं.

"दिवा लागतो ना," ते म्हणाले.

सरदेशमुखांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. "जयवंताताई, अजिबात काळजी करू नका. तुमची नोकरी जात नाही. तुम्ही पुढे रिसेप्शनला बसा."

"तिथं काम काय?"

"काम असं काही नाही. आल्यागेल्याला नमस्कार करायचा."

टायपिंग करणाऱ्या नीलिमाला बोर्डावर बसवलं. घरी भामावहिनी म्हणाली, "बरं झालं की, वन्सं. पगार तोच, अन् डोक्याला ताप नाही." वहिनी मनापासून बोलत होती.

रिसेप्शनला त्या सहा आठवडे बसल्या. चहा वेळेवर यायचा. लोक समोरून जायचे. काही जण त्यांना बघून आवाज हळू करायचे. कुणी काही विचारायचं नाही. आतल्या बोर्डाची घंटी तिथवर ऐकू यायची आणि दर वेळी त्यांचा उजवा हात आपोआप उचलला जायचा.

सातव्या आठवड्यात रिसेप्शनचा फोन बिघडला म्हणून याकूबभाई आले. पन्नाशीचे गृहस्थ, कंपनीचे फोन वर्षानुवर्षं तेच दुरुस्त करायचे.

"बाई, तुमे इधर कैकू बैठे?"

"बत्ती दिखती नै ना, भाई. घंटी एकीच, लाइनां आठ."

याकूबभाईंनी पेचकस खाली ठेवला. मग म्हणाले, "बत्ती दिखती नै तो बत्तीकू बोलना सिकाते."

चार दिवसांनी त्यांनी पेनाएवढी एक नळी आणली. तिच्या टोकाशी उजेड ओळखणारा एक बारका तुकडा होता, कोठी बाजारातल्या रेडिओवाल्यांकडे मिळतो तसला. टोक पेटलेल्या दिव्यावर टेकलं की नळी पीं करायची. जेवणाच्या सुट्टीत दोघांनी ती बोर्डावर लावून पाहिली. नळी सारखीच वाजत राहिली. डोक्यावरच्या ट्यूबलाइटचाच उजेड तिला पुरत होता.

याकूबभाईंनी टोकावर मधे बारीक भोक असलेली काळ्या रबराची टोपी चढवली. ट्यूबलाइटचा त्रास मिटला, पण आता वेगळीच पंचाईत झाली. गुळगुळीत बोर्डावर दिवा नेमका कुठे, ते सापडेना. बाई चाचपडत असताना घंटी वाजून बंद पडायची.

त्या दिवशी घरी गेल्यावर जयवंताबाई शाळेतली ब्रेलची पाटी काढून बसल्या. धातूच्या दोन पट्ट्या, वरच्या पट्टीत ओळीनं कोरलेल्या बारक्या खिडक्या. लिहिताना टोचणी त्या खिडकीतच पडते, इकडेतिकडे जाऊ म्हटलं तरी जात नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पाटी याकूबभाईंच्या हातात दिली.

"ऐसीच पट्टी होना. हर बत्ती के ऊपर एक खिडकी."

याकूबभाईंनी पाटीवरून बोट फिरवलं. "ये तो मेरेकू सूझाच नै," ते म्हणाले.

ॲल्युमिनियमची पट्टी तयार झाली. तिला आठ भोकं, आणि चौथ्या भोकानंतर एक उंचवटा, म्हणजे मोजत बसायला नको. रिसीव्हर धरण्यात एक हात अडकू नये म्हणून याकूबभाईंनी कानाला लावायचा जुना हेडफोनही दुरुस्त करून दिला.

जयवंताबाई सरदेशमुखांकडे गेल्या. "साहेब, आठ दिवस मला बोर्डावर बसू द्या."

"आणि चूक झाली तर?"

"चूक नीलिमाच्या हातूनही होते. तिला तुम्ही रिसेप्शनला नाही बसवत."

सरदेशमुखांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाले, "सोमवारपासून बसा."

पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी एका दवाखान्याची निकडीची मागणी हिशेबवाल्यांकडे जोडली गेली आणि तिकडून ओरड झाली. बाईंनी चूक कबूल केली आणि कारण शोधलं. शेजारच्या दिव्याचा उजेड खिडकीतून झिरपत होता. भोकांच्या मधे काळा कागद चिकटवला. त्यानंतर बाकीचे दिवस तशी चूक झाली नाही. नवव्या दिवशी त्यांना बोर्डावरून उठा असं कुणी म्हटलं नाही, एवढाच काय तो निकाल.

बाईंच्या सुट्टीला बोर्डावर नीलिमा बसायची. एकदा तिनं मागणी केली, "याकूबभाईंना माझ्यासाठीपण काही वाजणारं करायला सांगा. सारखं दिव्यांकडे बघून डोकं चढतं माझं."

ही गोष्ट पसरली. अठ्ठ्याण्णवमध्ये तारनाक्याच्या एका कार्यालयातून बोलावणं आलं. तिथले ऑपरेटर रामुलू अंध होते आणि त्यांच्या बोर्डावरही दिवे आले होते. याकूबभाई नवी पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले. जयवंताबाईंनी ती रामुलूंच्या हातात दिली आणि तिसरी खिडकी शोधायला सांगितली. रामुलूंना ती सापडेना. साखरेच्या आजारानं त्यांच्या बोटांची जाणीव कमी झाली होती. ते ओशाळून तेलुगूत म्हणाले, "तुमच्यासारखं मला नाही जमणार, अम्मा."

"माझ्यासारखं कशाला जमायला पाहिजे?" बाईही तेलुगूतच म्हणाल्या. "तुम्हाला काय चांगलं जमतं?"

रामुलूंना हसू आलं. ते भजनात पेटी वाजवत.

याकूबभाईंनी पट्टी परत गुंडाळली. दोन महिने खटपट करून त्यांनी सहा लाइनींच्या दिव्यांवर सहा वेगळे तुकडे बसवले आणि प्रत्येकाला ‘सा’पासून क्रमानं वेगळा सूर दिला. चौथा सूर जरा उतरलेला होता. रामुलूंनी तो दोनदा चढवून घेतला. मग घंटी वाजली, पाठोपाठ सूर आला.

"पंचम," रामुलू म्हणाले, आणि पाचव्या लाइनीचं बटण दाबून त्यांनी फोन घेतला.