पहाटेची फेरी

“गणिताची कधी मिरवणूक निघाल्याचं ऐकलंय का कुणी?” ऑर्डेलनं चमचा टेबलावर आपटला. “चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाला, अख्खं गाव रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसतं. ते काय हिचं बीजगणित ऐकायला?”

“मिरवणूक वर्षातून एकदा, बाबा. पोट रोजचं असतं,” डुएन म्हणाला. जेवून त्याला टर्कीच्या कारखान्यात रात्रपाळीला जायचं होतं, त्यामुळे तो बूट घालूनच टेबलाशी बसला होता.

“तुलाही बँडमध्ये वाजवता आलं असतं चांगलं. सरावाचा आळस!”

“माझं काढू नका आता. हिचं चाललंय ना?”

“हो, माझं चाललंय!” त्याची मुलगी ब्रिटा ओरडली. “कागद माझा आहे. दहावी मला करायचीय. तुम्ही दोघं एकमेकांशी भांडताय, आणि मी जशी काही या घरात नाहीच!”

डुएनच्या बायकोनं, रेनेनं, ओव्हनमधून हॉटडिशचं भांडं काढून टेबलाच्या मधोमध ठेवलं. खिमा, घेवडा आणि वर कुरकुरीत बटाट्यांचा थर. त्यासाठी तिला विषयांचा कागद उचलून बाजूला करावा लागला. तो फ्रिजवर चुंबकाखाली अडकवताना तिनं पुन्हा एकदा नजर टाकली. सात तास, सात चौकोन. इंग्रजी, रसायन, इतिहास, स्पॅनिश आणि शारीरिक शिक्षण यांना हात लावायची सोय नव्हती. उरलेल्या दोन चौकोनांवर तिघांचा हक्क होता: भूमिती, पुढचं बीजगणित आणि बँड. ब्रिटानं पेन्सिलीनं तिन्ही लिहिले होते, खोडले होते, पुन्हा लिहिले होते. कागद तिथं पार झिरझिरीत झाला होता.

ब्रिटाला पूल बांधायचे होते. नदीवरचा गंजका पूल काढून नवा घातला, तो सगळा उन्हाळा ती बांधावर बसून होती. मुलीला काहीतरी झालंय म्हणून ऑर्डेल तिच्यासाठी सँडविच घेऊन जायचा आणि मग स्वतःच क्रेन बघत बसायचा. पण त्यासाठी बारावीला कॅल्क्युलस करायचं, तर दहावीत दोन्ही गणितं एकदम उरकायला हवी होती. गावातल्या मुलांचं पहिलं बीजगणित आठवीतच झालं होतं. तेव्हा तो वर्ग शाळेच्या आधी, शून्य तासाला भरायचा. गावातली मुलं चालत जायची. नदीकाठच्या मुलांची बस त्या वेळी अजून मळ्यामळ्यांतून फिरत असायची.

आताही तसंच होतं. गावातली मुलं शारीरिक शिक्षण शून्य तासाला उरकून टाकत, आणि त्यांच्या कागदावर एक चौकोन मोकळा व्हायचा.

“शून्य तास घे की,” डुएन म्हणाला.

“जाऊ कशी? उडत? तुमची पाळी सातला सुटते. आजोबांचं लायसन्स डोळ्यांपायी गेलं. माझं यायला अजून वर्ष आहे.” ब्रिटानं आईचं नाव घेतलं नाही. आई त्या वेळी शाळेच्या बसवर असते ते सगळ्यांनाच माहीत होतं.

“मग गणित एकच घे,” ऑर्डेल म्हणाला. “बॅरिटोन माझ्या बापानं वाजवला, मी वाजवला, यानंही वाजवला, वाईट का होईना. ही सोडणार, म्हणजे त्याच्यात काय आता फुलं लावायची?”

“बँड सोडते मी!” ब्रिटा उठली. “झालं समाधान? सोडते. काही वाटत नाही मला.”

ती दणदणत जिना चढली. पाच मिनिटांनी वरून बॅरिटोनचा, त्या पितळी शिंगाचा, जाडा, मऊ आवाज यायला लागला. काही वाटत नाही म्हणणारी मुलगी तीच एक ओळ पुन्हा पुन्हा घोटत होती. ऑर्डेलनं ताटात मान घातली. डुएननं जेवण अर्धंच टाकलं.

“कागद सोमवारी द्यायचाय,” रेने म्हणाली. “तोवर कुणी त्याला हात लावायचा नाही. आणि ऑर्डेल, चमचा आपटायचा असेल तर तुमचा आपटा. तो माझ्या आईचा आहे.”

रेने स्कोग्स्टाडचा स्वभाव असा होता. भांडण ती कधी मिटवत नसे, त्याच्याभोवतीची भांडी उचलून घेई. नदीकाठच्या रस्त्यावर ती एकोणीस वर्षं शाळेची बस चालवत होती. लग्नाआधी ती धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर बसायची. बस घेतली ती दोन महिन्यांपुरती, कुणीतरी बाळंतपणाच्या रजेवर गेली म्हणून. ती बाई परत आलीच नाही. पहिल्या हिवाळ्यात रेनेला दिलेल्या बसचं दार आतून दोरीनं ओढून लावावं लागे. गॅरेजमधले ड्रायव्हर पैज लावून बसले होते की ही नाताळपर्यंत टिकत नाही. त्यातले सगळे केव्हाच निवृत्त झाले.

तिच्या बसमध्ये आरडाओरडा नव्हता. ती आरशात बघायची, बस. बघण्यावरूनच मुलांना कळायचं की आता टोपी परत द्यायची. सीटखालच्या खोक्यात ती पावाच्या रिकाम्या पिशव्या ठेवायची. कुणाचे मोजे भिजले की कोरडे मोजे, त्यावर पिशवी, वर बूट. मोठी झालेली, मिशा फुटलेली पोरंही निमूट पाय पुढे करत. एका घरात सकाळी दिवा दिसला नाही तर ती हॉर्न वाजवून थांबायची, कारण त्या घरातली आई रुग्णालयात रात्रपाळी करायची आणि मुलंच मुलांना उठवायची. पहिलीतली ओपल ट्वेटन दुपारी घरात शिरून स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात हलवेपर्यंत बस हलायची नाही. मागे गाड्यांची रांग लागायची. रेनेनं कधी मागे बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. बस अंगणातच उभी असे, रात्रभर इंजिनाला ऊब देणारी वायर लावलेली. रेनेनं वायर काढली, दिवे तपासले, ऑर्डेलची लापशी झाकून ठेवली आणि निघाली. ब्रिटा नेहमीप्रमाणे सगळ्यात मागे जाऊन बसली, ड्रायव्हरशी आपली ओळख नसल्यासारखी. तिचे डोळे सुजले होते.

पुलाअलीकडे शेवटची मोठी मुलं चढली. रेनेनं बस लगेच सोडली नाही. माइक उचलला. तो ती वर्षातून दोनदा उचलायची, तेही आपत्कालीन दाराची तालीम घ्यायला. सगळे गप्प झाले.

“नववीपासून वरच्यांनी ऐका. शून्य तासाला नेणारी बस असती, तर कोण आलं असतं? काळोखात उठून. व्यायामाला.”

बसभर हशा उसळला. कुणीतरी घोरल्याचा आवाज काढला. पुन्हा शांत झाल्यावर एमेट ट्वेटननं, ओपलच्या थोरल्या भावानं, हात वर केला.

“तू? तुला तर रोज दोनदा हॉर्न लागतो,” रेने म्हणाली.

“मला वेल्डिंग घ्यायचंय, रेने. चौकोनच उरत नाही. त्याच्यासाठी उठेन की.”

मग पुढच्या सीटवरच्या दोघी मुलींनी एकमेकींकडे बघून हात वर केले. मग अजून एक. मागे ब्रिटानं हात वर केला नाही. ती सरळ होऊन आरशात आईकडे बघत होती. रेनेनं माइक ठेवला आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

फेऱ्या निवडायचा दिवसही नेमका तोच होता. गॅरेजमध्ये कॉफीच्या भांड्याशेजारी फळा असे. दरवर्षी फेब्रुवारीत पुढच्या वर्षाच्या फेऱ्या त्यावर लागत आणि ज्येष्ठतेप्रमाणे एकेक ड्रायव्हर आपलं नाव लिही. आता रेने सगळ्यांत ज्येष्ठ होती. ती आत यायची, फळ्याकडे न बघताच वरच्या ओळीत, नदीकाठच्या फेरीसमोर नाव लिहायची आणि कॉफी ओतून घ्यायची. ती फेरी सगळ्यांनाच हवी असे. रस्ता सुंदर, मुलं गुणी, दुपारची बालवर्गाची जादा फेरी जोडलेली.

फळ्याच्या तळाशी पहाटेची फेरी असे. शून्य तासासाठी, सगळ्या बाहेरच्या मळ्यांवरून. गॅरेजप्रमुख कर्टिस ती दरवर्षी लावायचा, दरवर्षी तिच्यासमोर कुणाचंच नाव येत नसे आणि दरवर्षी ती रद्द व्हायची. बर्फ काढणारी गाडी निघायच्या आधी निघायचं, सकाळी उरकलं की संध्याकाळच्या सरावाची मुलं सोडायला पुन्हा यायचं, आणि मधला दिवस ना कामाचा ना सुटीचा. कामाचे तासही कमी, म्हणजे पगारही. कोण घेईल?

रेनेनं खडू उचलला आणि फळ्यापुढे उभी राहिली.

“हात आखडला का?” मागून कुणीतरी ओरडलं. “वरची ओळ, रेने. वाचून दाखवू?”

“चष्मा द्या रे तिला!”

ती खाली वाकली. गुडघा कटकन वाजला. पहाटेच्या फेरीसमोर तिनं आपलं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट.

हसणं थांबलं. कर्टिस पेला हातात धरून पुढे आला.

“चुकून लिहिलंस का?”

“नाही.”

“एकदा लिहिलं की वर्षभर बदलता येत नाही. नियम तुझाच आहे, तूच बैठकीत भांडून करून घेतलास.”

“माहीत आहे.”

“घरी विचारलंस?”

“तू विचारतोस का?”

नदीकाठची फेरी टेसाला मिळाली. तिचा नंबर दुसरा होता, आणि ती मिळेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आनंद लपवायचा कसा ते न कळून ती रेनेच्या मागे मागे तिच्या बसपर्यंत आली. रेनेनं सीटखालचं खोकं ओढून दाखवलं.

“या पिशव्या तुझ्याकडे राहतील. ऑगस्टपासून. ट्वेटनांच्या घरी धाकटी उतरली की थांबायचं.”

“घरात जाईपर्यंत?”

“खिडकीत येईपर्यंत. हात हलवते ती. तूही हलवायचा, नाहीतर तिथून हलत नाही.”

“मागच्या गाड्या हॉर्न देतात का?”

“देतात,” रेने म्हणाली. तिनं खोकं पुन्हा आत सरकवलं. जरा जास्तच जोरात. मग आरसा पुसायला घेतला, जो सकाळीच पुसलेला होता.

संध्याकाळी घरात शिरताना भांडण दारातूनच ऐकू आलं. एका दिवसात ते पुढे सरकलं होतं. आता ऑर्डेल गणिताच्या बाजूनं होता, कारण नात रात्री रडल्याचं त्यानं ऐकलं होतं. आणि डुएन बँडच्या, कारण पाळीवरून आल्यावर त्यालाही ते कळलं होतं.

“मी म्हणतो, शिंग माझं आहे, मी देतो शाळेला दान करून!”

“काही दान करायचं नाही! तिला वाजवू दे. बारावीपर्यंत बघू गणिताचं.”

“काल काय बोलत होतास?”

“काल तुम्ही काय बोलत होतात?”

ब्रिटा दोघांच्या मध्ये बसली होती, डोकं हातात धरून. रेनेनं कोट काढला नाही. फ्रिजवरचा कागद काढला, खिशातलं पेन काढलं आणि उभ्या उभ्याच लिहिलं. भूमिती. बीजगणित. बँड. शारीरिक शिक्षणापुढे, समासात, शून्य तास. खाली सही केली.

“हे कसं जमणार?” डुएन म्हणाला. “तिला नेणार कोण?”

“ऑगस्टपासून पहाटेची फेरी माझी आहे. नाव लावून आले.”

ऑर्डेलला सगळ्यांत आधी समजलं. एकोणीस वर्षं तो तिची बस नदीकडे वळताना खिडकीतून बघत आला होता.

“आणि नदीकाठची?” त्यानं हळूच विचारलं.

“टेसाकडे गेली.”

“आई,” ब्रिटा म्हणाली, “तू माझ्यासाठी—”

“तुझ्या एकटीसाठी बस सोडत नाहीत. एमेट आहे, अजून तिघंचौघं आहेत. उठायला उशीर केलास तर तुला सोडून जाईन, हे आत्ताच सांगून ठेवते.” रेनेनं कागद ब्रिटापुढे ठेवला. “डुएन, पाळीवरून आलास की बाबांची लापशी तू करायची. ऑर्डेल, बसची वायर आदल्या रात्री तुम्ही लावायची. मी नऊला झोपणार. आणि नऊनंतर या घरात बॅरिटोन वाजणार नाही.”