हिरव्या बटणाची नोंद

रंगाच्या कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला सगळे मीटर म्हणत. वीज तपासायचं मीटर सदोदित गळ्यात अडकवून फिरायचा, म्हणून. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. माणूस कामाला वाघ, बोलायला कंजूष. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. सुट्टीचं जेवण थोरल्या बहिणीकडे ठरलेलं. बहिणीचा नवरा, म्हणजे भावोजी, त्याच कारखान्यात तीन नंबरच्या टाकीवर ऑपरेटर होते. मीटरला तिथे चिकटवलं तेही त्यांनीच.

वीसेक वर्षांनी टाक्या चालवायला नव्या कंट्रोल पेट्या आल्या. पेटी जेमतेम विटेएवढी, पण तिच्या पोटातच एक छोटा वेब सर्व्हर होता. वेगळा संगणक लागत नव्हता. कारखान्याच्या वायफायवर, फोनमध्ये पेटीचा पत्ता टाकला की टाकीचं पान उघडायचं: तापमान, ढवळायच्या पात्याचा वेग, किती मिनिटं उरली, सगळं समोर. बसवायला आलेला इंजिनिअर दोन दिवसांत निघून गेला. पुढचं मीटरने खटपट करून शिकून घेतलं. पानावरची इंग्रजी काढून त्याने ऑपरेटरांना कळेल अशा शब्दांत लिहिलं. मग एक हिरवं बटण टाकलं: चालू. टाकी त्याच्या खोलीपासून दोनशे पावलं. प्रत्येक चाचणीला पायपीट कोण करणार?

‘माझी टाकी हल्ली तुझ्याशीच जास्त बोलते,’ भावोजी म्हणायचे.

टाकीचं झाकण उघडलं की पातं बंद पाडणारा एक सुरक्षा-स्विच असतो. तीन नंबरचा तो स्विच बिघडला होता. नवा येईपर्यंत काम अडू नये म्हणून मीटरनेच त्याच्या दोन तारा परस्पर जोडून दिल्या होत्या; आता झाकण उघडं असलं तरी पातं फिरायचं. मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, नवे मॅनेजर त्याच्या टेबलाशी आले आणि हे पान कसं चालतं ते दाखव म्हणाले. पानावर टाकी बंद आणि रिकामी दिसत होती. मीटरने मोठ्या कौतुकाने हिरवं बटण दाबलं. वेगाचा आकडा शून्यावरून चाळिसावर चढला. मॅनेजरांनी मान डोलावली. तेवढ्यात शेडमधून आरडाओरडा ऐकू आला.

भावोजी झाकण उघडून पात्याला चिकटलेला रंग खरवडत होते. उजव्या हाताची दोन बोटं गेली, मनगट मोडलं.

चौकशी लागली. मेन स्विच न पाडता ऑपरेटरने आत हात घातला, असं मॅनेजरांनी आधीच लिहून ठेवलं. ते अगदी खोटंही नव्हतं. मीटरला बाजूला घेऊन ते म्हणाले, ‘बटणाचं आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. उगाच घोळ वाढवू नकोस.’

पण पेटीलाही ठाऊक होतं. कोणत्या फोनवरून, किती वाजता, काय दाबलं, हे ती टिपून ठेवायची. ती नोंद कुठे सापडते हे फक्त मीटरला माहीत होतं, आणि आठवडाभराने ती आपोआप पुसली जायची. चौकशी नवव्या दिवशी होती.

तीन दिवस तो मूग गिळून बसला. रोज इस्पितळात जायचा, भावोजींना चमच्याने भरवायचा. माझंच चुकलं, मेन पाडायला हवा होता, असं तेच घोकत राहायचे. ते ऐकून मीटरला तिथे बसवेना. चौथ्या दिवशी त्याने नोंदीचा कागद छापून घेतला आणि बहिणीचं घर गाठलं. ती भांडी विसळत होती. त्याने सगळं सांगून टाकलं, तारा जोडल्याचंही. तिने हात पुसले, कागद उलटसुलट पाहिला.

‘ह्यांना सांगितलंस?’

‘नाही. म्हटलं, ताई, आधी तुला.’

‘आधी ह्यांना सांग. हात त्यांचा गेलाय.’

जेवायला थांब, असं ती म्हणाली नाही.

इस्पितळात भावोजींनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, ‘कागद चौकशीत दे.’

मीटरने तो दिला. भावोजींवर फोडलेलं खापर निघालं. नोकरी टिकली, जागा तेवढी गोदामात मिळाली. मॅनेजरांची बदली झाली. मीटरला यंत्रांवरून काढून ऑफिसातल्या ट्यूबलाइट बदलायला लावलं. सहा महिन्यांनी पेट्या कुरकुरू लागल्या. त्या पानांत दुसऱ्या कुणाला गती नव्हती, तेव्हा त्यालाच परत बोलावलं. त्याने आधी तीन नंबरचा स्विच स्वतः बसवला. मग सगळ्या पानांवरून चालू बटण काढलं. टाकी सुरू करायची तर टाकीपाशी उभं राहूनच. पेटीच्या कंपनीचा इंजिनिअर वैतागला, एवढी सोय का घालवता म्हणाला.

‘पानाला माणूस दिसत नाही,’ मीटर म्हणाला, आणि पुढच्या टाकीकडे गेला.

सुटे भाग आणायला त्याला गोदामात जावं लागायचं. भावोजी डाव्या हाताने चिठ्ठी लिहायचे. अक्षर आधी कोंबडीच्या पायांसारखं, पुढे बरं सुधारलं. कोणता फ्यूज, किती मीटर वायर, एवढंच बोलणं व्हायचं. भावोजी निवृत्त होईपर्यंत, पुढची चार वर्षं, ते तसंच चाललं.