गोदामाची केस

कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता. मला मात्र सांगताना अजून घाम फुटतो.

आणीबाणीचे दिवस. मी नुकताच बी.ए. झालेलो. नोकरी करणार नाही, समाज बदलणार, असं नाशकातल्या घरी जाहीर करून मोकळा झालो होतो. सिन्नरकडच्या एका गावात विड्या वळणाऱ्या बायका गोळा करून गोधड्या शिवायची संस्था काढली. अध्यक्ष अर्थात मी. दुकानदार माल घ्यायला तयार, पण शिवायला जागा नाही. सगळं काम त्यांच्यातल्याच शेवंताअक्काच्या उघड्या अंगणात. पावसाळा तोंडावर आलेला. गावात सरकारी गोदाम रिकामं पडलं होतं. ते मिळालं नाही, तर संस्थेचा गाशा गुंडाळायचा.

पहिल्याच सभेत मी टेबल बडवून सांगितलं होतं, "सरकारी माणसाला भ्यायचं नाही. ताठ मानेनं समोर जायचं."

"तुमी जावा भाऊ," अक्का म्हणाली. "आमी बघतो."

गेलो. तालुक्याच्या कचेरीबाहेर सायकल लावली. आत मांडव, गर्दी, कोपऱ्यात नव्या बादल्यांची उतरंड. सफारीतले एक साहेब घाम पुसत उभे.

"काय काम?"

"केस घेऊन आलोय." कचेरीत प्रत्येक कामाला केस म्हणतात, एवढं मी शिकलो होतो.

साहेबांचा चेहरा उजळला. "स्वतःची?"

"स्वतःचीच समजा. आणि मागे वीस बायका आहेत."

"वीस?" साहेब गडबडले. "घरच्या?"

"घरच्यासारख्याच. पण काम आजच झालं पाहिजे. मला थांबायला वेळ नाही."

"आजच होईल. दहा मिनिटं."

"नंतर हेलपाटे?"

"एकदा झालं की जन्मात परत यायला नको. फक्त काही दिवस सायकल चालवू नका."

आता इथं कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडला असता की नाही? मी म्हटलं, रस्ता खराब असेल.

साहेबांनी माझ्या हातात एक बादली दिली. बायकांच्या पिण्याच्या पाण्याची सोय. सरकार एवढा बारीक विचार करतं, मला भरूनच आलं.

आतल्या बाकावर नेऊन बसवलं. शेजारी चार-पाच जण, प्रत्येकाच्या मांडीवर बादली.

"पोरं किती?" शेजारच्यानं हळूच विचारलं.

"लग्नच नाही अजून."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं तोंड फिरवलं. आतून स्पिरिटचा वास येत होता.

तेवढ्यात वाटी-वस्तरा घेऊन न्हावी आला.

"चला दादा, केस काढू."

"काढू? अहो, आत्ताच तर आणलीय. काढायची नाही, मंजूर करायची."

"मंजूर सायेब करतील. मी नुसते केस काढतो."

"डोक्याचे? ते कशाला?"

"डोक्याचे कोन म्हनलं? खालचे."

आत कुणीतरी कण्हलं. बादली, सायकल, शेजाऱ्याचे डोळे, सगळं एकदम जुळलं. नसबंदी. त्या दिवसांत साहेबलोकांना केसांचा आकडा ठरवून दिलेला असायचा, करून घेणाऱ्याला बादली बक्षीस, आणि मी वीस बायकांसकट स्वतःहून हजर झालो होतो.

आधी पाय पळाले, मागून मी. मागून ओरडा, "धरा, केस पळाली!" बाकावरचं दुसरं कुणी हललं नाही.

सायकल तिथंच राहिली. रस्त्यानं जीप दिसली की मी शेतात आडवा. नाशिक-पुणे रस्त्यावर किती जीपा धावतात, ते मला त्या दिवशी कळलं. गावात पोचलो तेव्हा अंगभर माती, आणि हातात बादली तशीच.

"झाली का केस?" अक्कानं विचारलं.

"होता होता वाचली."

तिनं सगळं ऐकलं, पदर तोंडात कोंबला. दुसऱ्या दिवशी वीस बायका घेऊन स्वतः गेली. दुपारी किल्ली घेऊन आली.

"काय बोललात?"

"गोदामाची किल्ली द्या म्हनलं. मिळंस्तवर हितंच बसतो म्हनलं. केसबिस काय काडलीच नाय."

गोदाम उघडायच्या दिवशी साहेब जातीनं आले. जीपमधून. मी आतल्या खोलीला कडी लावून गोधड्यांच्या ढिगाआडून ऐकत होतो.

"अध्यक्ष कुठं आहेत?"

"आत हायत," अक्का म्हणाली. "कडी लावून बसलेत. तुमची जीप गेली का येतील. आन सायेब, ही बादली घ्या. तेवडी परत द्या म्हनले."