व्हरांड्याबद्दल कलम नाही

“कुठी लिहून आहे?” असं म्हणत ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि समोरच्याकडे डोळे बारीक करून बघत राहायचे. कॅन्टीनवाला भजी संपली म्हणाला, तरी हेच. तुमच्याही ऑफिसात असा एखादा नमुना असेल. पण आमच्या मोठ्या बाबूंची सर त्याला यायची नाही, हे मी पैजेवर सांगतो.

ते नागपूरच्या सचिवालयातले जुने कारकून. राज्यांची फेररचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि बाबू भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले. “कलम तीन,” ते सांगायचे. “संसदेनं मनात आणलं का राज्याचा नकाशा बदलते. माहं टेबल त्याच कलमात गेलं.” तक्रार नसायची हो, कौतुकच असायचं!

मी ड्रॉइंग ऑफिसात नकाशे गिरवणारा ट्रेसर होतो. प्लँट वाढत होता, अंगावरची लाल धूळ काही निघत नव्हती. सेक्टर दहात आम्ही मराठी मंडळींनी एका रिकाम्या क्वार्टरमध्ये वाचनालय काढायचं ठरवलं. पुस्तकांचं एक कपाटसुद्धा आलं नव्हतं, आणि बाबू म्हणाले, “पहिले घटना.”

देशाची घटना त्यांच्या पिशवीत कायम असायची, पेन्सिलच्या खुणांनी भरलेली. मी एकदा विचारलं, “बाबूजी, एवढं काय आहे हो हिच्यात?”

“दोन गोष्टी भारी आहेत. ज्याले सही येत नाही, त्यालेही मत. आणि चुकलं त दुरुस्त कराची सोय.”

“आणि वाईट काय?”

“भेलेल्या माणसांनी लिहिली न बाप्पा. फाळणीची आग पाहून राहिले होते. आग पाहिलेला माणूस घरात पाण्याच्या बादल्या जास्तच ठेवते.”

हे सगळं कळत असूनही त्यांनी वाचनालयाच्या घटनेत तीच बादली ठेवली. प्रत्येक सज्ञान सभासदाला मत, हे कलम त्यांनी भांडून घातलं. आणि शेवटी संकटकाळाचं कलम. संकट आलं, तर अध्यक्षांनी निवडणूक थांबवावी आणि नवे सभासद घेऊ नयेत. मी ती घटना ट्रेस करून अमोनिया प्रिंट काढल्या. आमच्या घटनेला महिनाभर उग्र वास येत होता!

शेजारच्या सुपेला वस्तीतल्या झोपड्यांत भंडाऱ्याकडची शेतकरी माणसं राहायची, प्लँटात खलाशी म्हणून जड वजनं उचलायची. त्यांच्यातला डोमाजी एक दिवस आला. “आमाले वाचता येत नाही. पन पेपर कोनी मोठ्यानं वाचला त आयकू. मेंबर होता येते का?”

“कुठी लिहून आहे, का होता येत नाही?” बाबू खुश झाले.

वीस-पंचवीस जणांनी अर्ज भरले, अंगठे उमटवले. येत्या निवडणुकीत पेपर मोठ्यानं वाचायचा ठराव ते आणणार होते. आमच्या अध्यक्षसाहेबांना मात्र वाचनालयात शांतता हवी होती. तेवढ्यात चीनची लढाई सुरू झाली, देशात आणीबाणी आली. साहेबांनी आमचं शेवटचं कलम लावलं. निवडणूक बंद, अर्ज बंद.

लढाई महिन्याभरात थांबली. साहेबांचं संकट काही थांबेना! डोमाजी विचारायचा, “बाबूजी, लढाई त सरली. मंग आमचं मत कावून अडलं?”

बाबूंनी घटना उलटीपालटी केली. संकट संपलं असं कुणी ठरवायचं, किती दिवसांत ठरवायचं, हे लिहायचं त्यांच्याकडूनच राहून गेलं होतं. त्यांचा चेहरा असा पडला की मला पाहवेना.

“मोडा ना ते कलम!” मी चिडून म्हणालो. “कोण विचारून राहिलं?”

“मी आज चांगल्यासाठी मोडीन. उद्या दुसरा कशासाठी मोडंल? चूक माही आहे, मले निस्तरू दे.”

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते साहेबांना पत्र लिहायचे: संकट संपले काय, कृपया कळवावे. आणि रविवारी वाचनालयात न जाता बाहेर व्हरांड्यात बसून नागपूरचा शिळा पेपर खणखणीत आवाजात वाचायचे. समोर सुपेल्याची मंडळी उकिडवी बसलेली. साहेब तणतणत बाहेर आले, तर बाबू शांतपणे म्हणाले, “साहेब, व्हरांड्याबद्दल कलम नाही.”

असं दीड वर्ष चाललं. बाबू निवृत्त झाले, छातीच्या दुखण्यानं खचले आणि नागपूरला गेले. मग साहेबांची बदली झाली. नव्या अध्यक्षांनी ती पत्रांची चळत वाचली, संकट संपल्याचं कळवून अडलेले अर्ज मंजूर केले आणि आठवड्यात सभा बोलावली. सुपेल्याची माणसं धुतलेले कपडे घालून आली, आत बसली. बाबूंनी पोस्टानं दुरुस्ती पाठवली होती: संकटकाळ तीन महिन्यांहून जास्त चालणार नाही. डोमाजीनं ती दोनदा वाचायला लावली. मग मतं झाली.

मी निकाल सांगायला नागपूरला गेलो. बाबू खाटेवर होते.

“विरोधात किती?”

“एक.”

“कोन?”

“डोमाजी. म्हणाला, तीन महिन्यांत त मानूस मत देनंच इसरते. पंधरा दिवस पुरे.”

बाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला. मला वाटलं, लागलं त्यांना. मग ते हसायला लागले, खोकला येईस्तोवर हसले. काकू पाणी घेऊन धावल्या. “आयकलं का वो? माह्या ठरावाले डोमाजीनं विरोध केला!” त्यांचे डोळे भरून आले. “बरोबर आहे त्याचं. त्याले सांग, पुढच्या सभेत दुरुस्ती टाक. मी त्याच्या बाजूनं.”

पुढची सभा पावसाळ्यानंतर झाली. तोवर बाबू गेले होते. डोमाजी उभा राहिला, पंधरा दिवसांचा ठराव त्यानं पाठ म्हणून दाखवला. हात मोजायचं काम माझ्याकडे होतं. मी एक जास्त मोजला.