भास्करराव गाडीत बसून बोलतात

बडोद्यात फतेगंजच्या नाक्यावर एके काळी 'शिर्के कार टेप' अशी पाटी होती. आठ बाय आठची खोली, आत भास्करराव शिर्के आणि बाहेर गाड्या. नव्वदनंतर गावात नवनव्या गाड्या येऊ लागल्या, तेव्हा माणूस पेढे नंतर वाटायचा, आधी शिर्केकाकांकडे टेप बसवायला यायचा. "काका, जोरदार अवाज जोईए!" जोरदार हवा म्हणजे तो आधी काकांच्या कानात वाजणार! वीसेक वर्षं काचा वर करून, बंद गाडीत बसून त्यांनी स्पीकर तपासले. पुढे गाड्या कंपनीतूनच टेप घेऊन यायला लागल्या आणि दुकान बसलं. कान त्याआधीच गेले होते.

हे त्यांनी कुणाला सांगितलं असेल तर शपथ! आजोबा संस्थानच्या फौजेत होते ना, मग नातवानं बहिरा झालो म्हणून कसं सांगावं? बायकोला, राजेश्वरीला, तेवढं माहीत होतं. ती समोर उभी राहून सावकाश बोलायची. पाच वर्षांपूर्वी ती गेली, आणि घरात भास्कररावांशी बोलणारं कुणी उरलं नाही. एकुलता एक मुलगा समरजित, तो ऑस्ट्रेलियात. जाताना गाडी दारात ठेवून गेला. "आठवड्यातून एकदा चालू करा, बाबा, बॅटरी उतरेल," म्हणाला.

त्या गाडीत पडदावाला सेट होता. गाणी, नकाशा, सगळं त्याच्यावर; बाबांचा मोबाइलही समरनं जाताना त्याला जोडून ठेवला होता. एका रविवारी भास्करराव गाडी चालू करून बसले होते, तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. पडद्यावर 'समर' असं नाव आलं. त्यांनी बोट लावलं, आणि चारी दारांतून पोराचा आवाज आला, शब्द न् शब्द! मोबाइल कानाला लावला की त्यांना नुसती भुणभुण ऐकू यायची. आज मात्र पोरगा शेजारी बसून बोलत होता. म्हाताऱ्याला रडू आवरेना.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला भास्करराव आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारातल्या दारात गाडीत जाऊन बसायचे. सोसायटीतले हसायचे. हसेनात का! समरला वाटायचं, बाबांना गाडीचा भारी लळा लागलाय.

मग दसरा आला. शिर्क्यांकडे शस्त्रपूजा असते. पाटावर आजोबांची तलवार, तिच्या शेजारी भास्कररावांचं सोल्डरिंग आयर्न आणि मीटर. मग गाडीची पूजा. ही राजेश्वरी करायची, चिमटीत मोजक्या अक्षता घेऊन. भास्कररावांना कुठलं माप! त्यांनी कुंकवात कालवलेल्या मूठभर अक्षता डॅशबोर्डवर उधळल्या, बॉनेटवर झेंडूचा हार घातला, आणि फाफडा-जिलेबी आणायला गेले.

पुढच्या रविवारी दहाला पाच कमी असताना त्यांनी किल्ली फिरवली. पडदा लागला, कंपनीचं चिन्ह आलं, आणि विझलं. पुन्हा आलं, पुन्हा विझलं. दहाला मोबाइल वाजला. करतात काय, कानाला लावला. भुणभुण. "हो... हो... बरं... तुला योग्य वाटेल तसं कर," असं चाचपडत बोलत राहिले. भुणभुण थांबली. आपण कशाला हो म्हणालो, हे त्यांना कळलं नव्हतं. परत विचारावं तर कानांचं बिंग फुटणार.

सोमवारी त्यांनी गाडी वर्कशॉपला नेली. तिथल्या सुपरवायझरनं कागदावर लिहूनच दिलं: पूर्ण युनिट बदलायचं, यायला तीन आठवडे. तीन रविवार! भास्करराव तडक घरी आले आणि माळ्यावरची दुकानातल्या हत्यारांची पेटी खाली काढली.

फ्यूज बघितला, चांगला. बॅटरी पूर्ण. अर्थिंगची वायर घासून पुन्हा आवळली, काही फरक नाही. शेवटी सेट बाहेर काढून टेबलावर घेतला आणि बारा व्होल्ट जोडले. पूर्वी ते टेपमधल्या मोटरच्या आवाजावरूनच दुखणं ओळखायचे. आता कुठला आवाज! त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक सेटवर टेकवलं आणि त्याची मूठ दातांत धरली. दातांतून कळ यावी तशी मोटर कळली: सुरू व्हायची, जोर करायची, अडायची, आणि त्याच क्षणी पडदा विझायचा. म्हणजे सीडी आत ओढणारी मोटर कशात तरी अडकत होती, सगळा करंट खात होती, आणि पडदा उपाशी राहत होता.

झाकण उघडलं. दातेरी चाकाच्या फटीत तांदळाचे तीन दाणे. लालभडक.

"अरे भास्करा!" म्हणत त्यांनी कपाळावर हात मारला. सीडीच्या फटीतून स्वतःच्याच अक्षता स्वतःच आत घातल्या होत्या. राजेश्वरीच्या हातून असं कधी झालं नसतं. ते बराच वेळ दाणे तळहातावर घेऊन बसले. मग देवापुढे ठेवले आणि सेट जोडला. पडदा लागला तो लागलाच.

रविवारी दहाला 'समर' आलं. भास्कररावांनी बोट लावलं.

"बाबा, गाडी विकत घेणारा तो माणूस उद्या सकाळी ती न्यायला येईल. मागच्या रविवारी तुम्ही लगेच हो म्हणालात, बरं वाटलं. म्हटलं, तुम्हाला जड जातं की काय!"

चारी दारांतून शब्द न् शब्द पोचला. गाडी गेली की हा आवाजही गेला.

"बाबा? ऐकताय ना?"

"काय? काय म्हणालास? ऐकू येत नाही रे!" भास्करराव ओरडले.

"उद्या! गाडी न्यायला!"

"नाही रे, नुसती भुणभुण येतेय!"

समरनं आणखी दोनदा ओरडून बघितलं. भास्करराव नाही-नाहीच म्हणत राहिले. इतकी वर्षं लपवलेलं खरं आज त्यांनी खोटं म्हणून वापरलं.

"लाइन खराब दिसतेय," समर हताश होऊन म्हणाला. "त्या माणसाला थांबवतो. पुढच्या रविवारी बघू."

एक आठवडा मिळाला. भास्कररावांनी श्वास सोडला. पण फोन कट झाला नव्हता. बाबांना ऐकू येत नाही अशी खात्री झाल्यावर समर हळूच, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "मला इथं अजिबात करमत नाही हो, बाबा. फार एकटं वाटतं."

भास्कररावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना तर काहीच ऐकू येत नव्हतं ना!

पडद्यावरचं नाव गेलं. मग ते बंद गाडीत म्हणाले, "मलाही नाही करमत रे, समर."