साडूंनी बंदुकीची बाजू घेतली

परवानगीशिवाय माणूस शिंकूसुद्धा शकतो, यावर आमच्या साडूंचा विश्वास नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर आहेत आणि संध्याकाळी डोक्यावरचं हेल्मेट उतरलं तरी नोकरी काही उतरत नाही. आमच्या बर दुबईच्या घरी जेवायला आले की ते आधी जिन्यातल्या आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख वाचतात आणि मगच चपला काढतात. खाडी ओलांडताना अब्रात पाय ठेवण्यापूर्वी लाइफ जॅकेटं बघायला जातात, तोवर ती होडी पलीकडे पोचून परतही येते. एकदा गणपतीत मी आरतीचं तबक घेऊन वळलो, तर मागे हे पाण्याची बादली धरून उभे. म्हणाले, "बाप्पावर श्रद्धा आहे साडूभाऊ, तुमच्या हातांवर नाही." मी साधा बल्ब बदलताना स्टुलावरून पडलेला माणूस, तेव्हा बादलीला जागा करून दिली.

तर असा हा माणूस सुट्टीत आम्ही सगळे त्यांच्या गावी जमलो असताना मला सकाळी चहावर म्हणाला, "बंदूक बाळगायच्या हक्कासाठी मेळावा आहे, गोव्यात. येता?" माझा चहा बशीत सांडला. बायको आतून ओरडली, "भावजी, ताप आलाय का तुम्हाला?"

ताप नव्हता, आप्पा होते. आप्पा म्हणजे साडूंचे वडील. सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीला लागून त्यांची नारळी-सुपारीची बाग आहे. साडूंच्या आई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहत, कारण दुबईला चला म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "आणि वांदरांक कोण बघतलो?" वानरांना बघायला त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक होती. रोज उन्हं कलली की आप्पा ती मांडीवर आडवी घेऊन पडवीत बसत. गेल्या कित्येक वर्षांत तिच्यातून बार निघालेला कोणी ऐकला नव्हता. तिच्याकडे बघूनच वानरं पोफळीवरून पसार होत. साडूंच्या मते ती जगातली सर्वांत सुरक्षित बंदूक होती. पण आप्पांचा हात आता थरथरायला लागला होता, परवान्याची मुदत संपत आली होती, आणि या वयात तो पुन्हा मिळणं कठीण, असं पोलीस ठाण्यातून कानावर आलं होतं. घरातल्या सगळ्यांना मनातून बरंच वाटलं. बंदूक गेली की म्हातारा निमूट दुबईला येईल! साडू तेवढे परवान्याचे कागद पुन्हा पुन्हा वाचत होते.

"अहो, परवाना महाराष्ट्राचा आणि मेळावा गोव्याचा. उपयोग काय?" मी विचारलं.

"कायदा दिल्लीचाच आहे ना? कुठूनही ओरडलं तरी चालतं."

वीस वर्षांत गाडीचा हॉर्न न वाजवलेल्या माणसाने हे म्हणावं!

गेलो. आप्पा पुढच्या सीटवर, धुतलेल्या धोतरात. मैदानापाशी मोकळी जागा असूनही साडूंनी लांब एका देवळामागे गाडी लावली, कारण तिथे पार्किंगची पाटी होती. उन्हातून चालून गेलो तर बंदूक एकही नाही, पोलिसांनीच आणू दिली नव्हती. लोक वानरांनी कुरतडलेले नारळ नि अर्धे खाल्लेले फणस पुरावा म्हणून घेऊन आले होते. साडूंनी आल्याआल्या संयोजकाला गाठून मेळाव्याला परवानगी आहे ना, हे विचारून घेतलं. मग, "आग लागली तर जमायचा असेंब्ली पॉइंट कुठेय?" तो बिचारा म्हणाला, "पात्रांव, हीच असेंब्ली." दुबईतलं कोणी फोटोत बघेल म्हणून साडूंनी तोंडाला रुमाल बांधला होता. घोषणा सुरू झाल्या तेव्हा माझाच हात वर गेला, पण घोषणा कसली ते न कळल्याने नुसताच हलवून खाली घेतला.

शेवटी कोणीतरी विचारलं, "आणखी कोणाला बोलायचंय?" आणि साडू उठले. रुमाल सोडून खिशात घातला, माईकची वायर कुठे उघडी नाही ना ते पाहिलं आणि म्हणाले, "मी सेफ्टी ऑफिसर आहे. घरात बंदूक असू नये, हे मी दुसऱ्या कोणालाही सांगेन. पण माझे वडील इथे बसलेत. त्यांच्या हातातली बंदूक काढली, तर त्या हातात काठी द्यावी लागेल. ती द्यायची माझी अजून तयारी नाही." एवढंच. टाळ्या वाजल्या.

आप्पांना कमी ऐकू येतं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय बोललो तो?"

"तुमच्या बंदुकीविषयी."

"बरां बोललो?"

"बरं बोलले, आप्पा."

त्यांनी मान डोलावली आणि लेकासाठी शेजारची खुर्ची हाताने पुसून ठेवली.

परवाना मिळाला नाही. कचेरीतले साहेब अगदी सौजन्याने वागले म्हणे. वारसाच्या नावावर करून देता आला असता, पण वारस राहतो दुबईत. साडू पुन्हा रजा काढून गेले, बंदूक ठाण्यात जमा केली आणि येताना आप्पांना घेऊन आले. आता आप्पा दुबईत साडूंच्या घरी, सिलिकॉन ओएसिसच्या एका टॉवरमध्ये, बाराव्या मजल्यावर राहतात.

परवा मी गेलो तेव्हा इमारतीचा सुपरवायझर दारात उभा होता. "साब, बाल्कनी में कबूतर बहुत आ रहे हैं. जाली लगा दें? पूरी बिल्डिंग में लग गई." आतून भाची म्हणाली, "प्लीज, बाबा! इट्स सो अनहायजीनिक!" कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसाचे कोणते विकार होतात, यावर साडूंनी याच इमारतीत भाषण दिलेलं आहे. पण ते सुपरवायझरला हळूच म्हणाले, "अभी नहीं, भाई. अगले महीने देखेंगे, इन्शाल्ला."

तो वळताच मी विचारलं, "का हो?"

"जाळी लावली तर आप्पांनी दिवसभर करायचं काय?" ते म्हणाले आणि फडकं-बादली घेऊन बाल्कनी धुवायला गेले. आप्पा कठड्यापाशी खुर्ची टाकून बसले होते. एक कबूतर येऊन टेकलं. आप्पांनी थरथरता हात उचलला, "हुऽऽड!" म्हणाले, आणि ते खरंच उडालं. साडू फडकं हातात धरून तसेच थांबले, दुसरं येईपर्यंत.